कडेच्या खुर्चीचा हात

मित्रांनो, त्या रविवारी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं एका लेकीच्या आईंनी काढली, तेव्हा त्यांचा हिशेब सरळ होता. नवऱ्याला एका जागी बसवायचं, मधे बोलायची सोय ठेवायची नाही, आणि जे सांगून सांगून आपली जीभ झिजली ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून, तेही सुरात, त्यांच्या कानांवर घालायचं. बदल्यात त्यांना मिळणार होती लेकीच्या घरी नवऱ्याची एक खेप. बाकी काही नको होतं. नवऱ्याचा हिशेब त्याहून सरळ होता. गाणी ऐकायची आणि पुढचे काही दिवस घरात शांतता मिळवायची.

मला हे ठाऊक आहे, कारण मी त्या दोघांच्या मधे होतो. मी एक जुना हात आहे. माणसाचा नव्हे, खुर्चीचा. नाट्यगृहातली मधल्या रांगेतली कडेची खुर्ची आणि तिची शेजारीण, या दोघींत मी एकच आहे. दोन माणसं आणि एक हात. यावरून जगात काय काय होतं, ते मला विचारा.

माझा जन्म एका सुताराच्या मांडीवर झाला. त्याने मला रंधा मारला, पॉलिश पाजलं आणि पुढचं टोक हाताच्या मुठीत बसेल असं गोल केलं. "घाबरलेला माणूस टोक धरतो," तो आपल्या भावाला म्हणाला होता. भाऊ हसला. नाटकात कोण कशाला घाबरेल, असं त्याला वाटलं. त्यानंतर या नाट्यगृहात विनोदी नाटकं झाली, भुतांची झाली, शाळांच्या बक्षीस समारंभांची भाषणं झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कधी टाळी वाजवली नाही. एका हाताने ती वाजत नाही.

काम मात्र मी भरपूर केलं. अनोळखी माणसं माझ्यावरून कोपरांची लढाई लढायची आणि तोंडाने "बसा ना, बसा ना" म्हणायची. नवी जोडपी हातात हात घालून मला जड व्हायची, जुनी जोडपी मला मोकळा सोडायची. आणि दर वर्षी माझी वाहवा करायला एकच माणूस येत असे, तो म्हणजे ढेकूण मारायचं औषध फवारणारा. "हा हात अजून मजबूत आहे," असं तो म्हणायचा. तेवढ्यावर मी वर्ष काढायचो.

मग ते संगीत नाटक आलं.

त्यात एक घर होतं. घरात दोन बायका संसार करत होत्या, त्यातल्या एकीची छोटी मुलगी होती, आणि वरच्या खोलीत त्या मुलीचा बाप राहायचा. नवरा म्हणून तो कधीच सुटला होता, पण सगळ्यांचे डबे तोच भरायचा. दुसरीचे वडील मात्र या घराची पायरी चढायचे नाहीत. पुढे ती दुसरी आजारी पडते, आणि घर तिच्या खाटेभोवती गोळा होऊन गाऊ लागतं.

पहिल्या काही खेळांना लोकांनी काय केलं ते सांगतो. आधी हसले. मग कुजबुजले. "हा तिचा कोण लागतो?" "ही कुणाची कोण?" एका काकांनी शेजारच्या काकूंना नाती समजावून सांगितली, तीही चुकीची. एक गृहस्थ "असली घरं असतात का कुठे" म्हणून तावातावाने उठले, छत्री विसरले, ती घ्यायला परत आले आणि दाराशी उभे राहून शेवटपर्यंत बघत राहिले. एका शाळकरी मुलीने मोठ्याने विचारलं, "यातली आई कोण?" आणि तिची आजी म्हणाली, "जी जेवायला हाक मारते ती. गप्प बस आता." आजारपण सुरू झालं की सभागृहभर खोकला सुरू व्हायचा. माणसं रडू आलं की आधी खोकतात, हे मी तिथे शिकलो.

या नाटकाची एक खोड होती. आजारी बाई उठते, नाचते, सगळे जोरात गातात, आणि पडदा पडतो. लोक टाळ्या वाजवतात. मग पडदा पुन्हा वर जातो आणि खरा शेवट होतो. तेव्हा वाद्यं थांबलेली असतात. नाच म्हणजे तिला पडलेलं स्वप्न होतं. खाट रिकामी असते. घरातले जेवायला बसलेले असतात. दार वाजतं. तिचे वडील फळांची पिशवी घेऊन उभे असतात. त्यांना काही ठाऊक नसतं. आणि छोटी म्हणते, "बसा, तुमचं ताट रोजच मांडतो आम्ही." बस्स. यानंतर टाळी पडायला वेळ लागायचा. आधी माझं टोक घट्ट धरलं जायचं. सुताराचं म्हणणं खरं होतं.

आता त्या रविवारकडे येतो. आईंचे यजमान बस आगारातले निवृत्त नियंत्रक होते. उभा जन्म त्यांनी गर्दी व्हायच्या आत गाड्या सोडण्यात घालवला होता. त्यामुळे लग्न असो, सभा असो की नाटक, हे गृहस्थ लोक उठायच्या आधी उठायचे. तिकीट कायम कडेच्या खुर्चीचं, म्हणजे निसटायला बरं. सारं नाट्यगृह त्यांना 'कंट्रोलर' म्हणायचं. नाटक त्यांच्या मनात भरलं. गाण्यांना त्यांनी माझ्यावर बोटांनी ताल धरला. आजारी बाईच्या खाटेपाशी तो ताल थांबला. आई तिरक्या नजरेने नवऱ्याकडे बघत होत्या, कारण त्यांची स्वतःची लेकही आपल्या मैत्रिणीबरोबर संसार करत होती, त्या मैत्रिणीचीही एक छोटी होती, आणि मैत्रीण आजारी होती. कंट्रोलरांनी ते घर बघितलेलं नव्हतं.

नाच झाला. पडदा पडला. कंट्रोलर उठले.

"अहो थांबा, अजून आहे," मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या. त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या.

"टाळ्या आहेत, बाई. त्या तुम्ही वाजवा," कंट्रोलर म्हणाले. मग खाली वाकून आईंना म्हणाले, "बघितलंस? उठली की नाही ती? चल. आपण जाऊ पोरीकडे. मी म्हणतो जाऊ. तिची मैत्रीण जरा उठून बसली की जाऊ. आजाऱ्याच्या घरी गर्दी नको."

आई अर्धवट उठल्या आणि मागे वळून पडद्याकडे बघितलं. त्यांना शंका आली असावी. पण इतक्या वर्षांत जो शब्द निघाला नव्हता तो आत्ता निघाला होता. 'जाऊ.' उतू जाणाऱ्या दुधाला फुंकर घालावी तसं त्यांनी तो शब्द सांभाळला आणि नवऱ्यामागे निघाल्या. त्यांच्या पाठीमागे पडदा वर गेला.

पुढचं मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्या नाटकाच्या शेवटच्या खेळाला कंट्रोलर पुन्हा कडेच्या खुर्चीत आले. शेजारच्या खुर्चीत त्यांची लेक होती, तिच्या पलीकडे आई. लेकीचे केस नीट विंचरलेले नव्हते. तिचं कोपर माझ्यावर होतं, पण वडिलांच्या कोपराला लागणार नाही इतकं मागे.

मध्यंतरात कंट्रोलर म्हणाले, "हे बघ, पुढे ती बरी होते. म्हणून तुला आणलं. जरा बरं वाटेल तुला."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, मी बघितलंय हे. आम्ही दोघी आलो होतो, ती चालत होती तेव्हा."

"मग?"

"आईने फोनवर सांगितलं, बाबांनी नाटक बघितलं. तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती. काय म्हणाली माहितीये? आता बाबा येतील. तो शेवट बघून न येणारा माणूस अजून जन्मायचाय. घरी सोडल्यावर खाट दाराकडे वळवून घेतली तिने. रोज विचारायची, दाराची घंटा वाजली का." तिने कोपर आणखी मागे घेतलं. "आणि तुम्ही शेवट बघूनही आला नाहीत."

"आलो ना," कंट्रोलर म्हणाले. "घरी सोडलं म्हणजे बरी झाली असं वाटलं मला. फळं घेऊन आलो होतो."

"आलात. दाराबाहेर लोकांच्या चपला होत्या तेव्हा."

"अगं, मला काय माहीत, घरी कशासाठी सोडलं ते? आणि शेवटात काय आहे असं? नाचते की ती. सगळे नाचतात."

 लेकीने हळूच आईकडे मान वळवली.

"तुम्ही कधी उठलात?"

आईंनी हातरुमाल उलगडला, पुन्हा घडी घातली. "यांची सवय तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पडदा पडला की निघायचं. मला वाटलं होतं गं, काहीतरी राहिलंय म्हणून. पण हे 'जाऊ' म्हणाले होते."

दिवे मालवले. पुढचा अंक झाला. नाच झाला, पडदा पडला, टाळ्या पडल्या, आणि कंट्रोलर उठायला लागले. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांचे गुडघेच तसे घडलेले होते. तेव्हा लेकीने माझ्यावरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"बसा, बाबा. अजून आहे."

ते बसले. पडदा वर गेला. रिकामी खाट. जेवणारी माणसं. दार वाजलं, आणि दारात एक म्हातारा फळांची पिशवी घेऊन उभा.

मित्रांनो, मी पुष्कळ मुठी सोसल्या आहेत. पण त्या मुठीने माझा स्क्रू ढिला केला. कंट्रोलर खोकले नाहीत. "बैल गेला आणि झोपा केला," एवढंच ते म्हणाले, अगदी हळू, जणू फलाटावरून सुटलेल्या गाडीला सांगताहेत. लेकीने हात काढला नाही. तिने त्यांना माफ केलं का, ते मला सांगता येणार नाही. हात काढला नाही, इतकंच मला ठाऊक आहे. टाळ्या झाल्या, पंखे बंद झाले, झाडूवाल्या मावशी रांगांतून यायला लागल्या, तरी कंट्रोलर बसून होते. जन्मात पहिल्यांदाच ते सगळ्यांच्या शेवटी निघाले.

आता मी खिळखिळा झालो आहे. नव्या खुर्च्या येणार आहेत, त्यांना पेला ठेवायची खाच असते म्हणे. कोपर टेकणारा मला शिव्या देतो आणि दुसऱ्या बाजूला कलतो. माझी तक्रार नाही. एकच विनंती आहे. सुतार आला तर त्याला तो स्क्रू घट्ट करू द्या, पण माझं टोक तासू देऊ नका. आणि कुणाच्या घरी आजारी माणूस असेल, तर 'बरी झाली की जाऊ' म्हणू नका. पडदा पडला म्हणजे संपलं असं नसतं, आणि वाट बघणाऱ्याला ते आपल्या आधी कळलेलं असतं.

राहिला हिशेब. नाटकवाल्यांना टाळ्या मिळाल्या. आईंना नवऱ्याची खेप मिळाली, पण 'जाऊ' हा शब्द सांभाळल्याची किंमत त्या अजून मोजताहेत. कंट्रोलरांनी एका सवयीसाठी फळांची पिशवी भरून मोजली. लेकीने काय मोजलं, ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. आणि सगळ्यांत जास्त मोजलं तिने, जी त्या दिवशी इथे नव्हतीच. दाराकडे तोंड करून ती पडून होती आणि घंटेची वाट बघत होती.