हलीमाबीच्या नावाच्या सुया

"हात सैल सोडा, हलीमाबी. असा ताठ धरलात तर सुई मोडेल माझी," दवाखान्यातल्या नर्स मनोरमाबाई म्हणाल्या. हलीमाबीनं हो म्हटलं, डोळे मिटले आणि हात आणखीच ताठ केला.

तीस वर्षं ती डहाणूपासून कासा, सायवन, तलासरीच्या बाजारांत बांगड्यांची टोपली घेऊन फिरत होती. सैल सोड गो, लाकूड काय करत्येस हाताचं, असं तिनं स्वतः किती जणींना दटावलं असेल त्याला सुमार नाही. आज तेच तिच्यावर उलटलं होतं, आणि बाकावर बसलेल्या दोघी वारली बायका पदराआड हसत होत्या. हसेनात बापड्या. आजच्या दिवशी तिला कुणाचाच राग येणार नव्हता.

दंडावर देवी टोचल्याची खपली कधीच धरली होती. पटकीची पहिली सुई सात दिवसांपूर्वी झाली आणि ही दुसरी. इतरांचं एका सुईवर भागतं. हजला जाणाऱ्याला दोन लागतात, मध्ये सात दिवस, आणि दोन्हींची नोंद पिवळ्या पुस्तकात. ती नसेल तर बंदरावरचा डॉक्टर बोटीची शिडी चढू देत नाही, मग तुम्ही कितीही नवस बोललेले असा. मनोरमाबाईंनी सही केली, शिक्का उठवला आणि पुस्तक हलीमाबीच्या हातात दिलं.

"जपून ठेवा. हे हरवलं तर सगळं पहिल्यापासून."

"दाऊदकडे ठेवते," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा तो जपेल."

दाऊद तिचा धाकटा भाऊ. तो चार वर्षांचा असताना त्यांच्या आगर गावाला पटकी आली आणि तीन दिवसांत आईबाप दोघं गेले. हलीमा तेव्हा चौदाची. त्या पोराला तिनं पेज भरवून वाढवला, शिकवला, स्टेशनाजवळ त्याला सायकलचं दुकान घालून दिलं, जुलेखाशी त्याचा निकाह लावून दिला. तिचं स्वतःचं लग्न झालं होतं आणि दोन वर्षांत नवराही गेला. तेव्हापासून ती भावाच्याच घरात, पण कमावती. आयुष्यात तिनं एकच गोष्ट मागितली होती, मरायच्या आधी एकदा हज. बाईला एकटीला जाता येत नाही, नवरा नाहीतर भाऊ बरोबर लागतो. म्हणून तिघांनी अर्ज केले होते. बासष्टच्या त्या साली नंबर लागला दाऊदचा आणि हलीमाबीचा. जुलेखाचा राहिला.

जुलेखा दोन दिवस जेवली नाही. नवऱ्याबरोबर नणंद जाते नि मी चूल फुंकत बसू का, असं ती शेजारणीला म्हणाल्याचं हलीमाबीच्या कानावर आलं होतं. तिनं ते मनावर घेतलं नाही. पोरगी आहे, पुढच्या वर्षी जाईल, असं म्हणून तिनं तिच्यासाठी दोन डझन हिरव्या बांगड्या बाजूला काढून तिला दिल्या.

दुसऱ्या सुईनं मात्र हलीमाबीला आडवं केलं. रात्रीच अंग फणफणलं, दंड भोपळ्याएवढा सुजला. बोटीला अजून चौदा दिवस होते. दाऊद उशाशी बसला आणि त्यानं सगळं समजावून सांगितलं. मुंबईला हजचे लोक उतरतात त्या मुसाफिरखान्यात आतापासून नाव लावावं लागतं. तापलेल्या माणसाला ते दारातच अडवतात आणि वेगळं काढून ठेवतात. तेव्हा मी पुढं जातो, कागद दाखवून जागा धरतो, तुझा ताप उतरला की परवा येऊन तुला घेऊन जातो. जुलेखाही त्याच सकाळी संजाणला बहिणीकडे निघाली होती. बहिणीला दिवस भरले होते म्हणे.

जाण्याआधी दाऊद मोहल्ल्यात दारोदार फिरला. हजला जाणारा माणूस सगळ्यांची माफी मागून निघतो. बोललंचाललं पोटात घाला, म्हणतो. तशी त्यानं सगळ्यांची मागितली आणि शेवटी बहिणीच्या पायाशी बसून तिचीही मागितली. तेव्हा तो खरंच रडला.

"अरे येड्या, मी तर तुझ्याबरोबरच येत्येय. माझी कसली माफी?" हलीमाबी तापातही हसली.

"तरी म्हण ना आपा. माफ केलं म्हण."

"केलं बाबा, केलं. सगळं केलं."

परवा गेला, दाऊद आला नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. हलीमाबीनं अंघोळ केली आणि ट्रंक बांधून दाराशी आणून ठेवली. भाऊ यायचा तर ऐन वेळी धावपळ नको.

आला तो रघ्या टांगेवाला. हातात कापडी पिशवी घेऊन तो शेजारच्या घराकडे वळला होता, तेवढ्यात त्याला ओट्यावर बसलेली हलीमाबी दिसली आणि तो जागच्या जागी थांबला.

"बी, तुम्ही हितं कशा?"

"मग कुठं असू?"

"न्हाय, म्हंजे…" रघ्यानं पिशवीकडं बघितलं. "मंगळवारी दाऊदभायबरोबर तुम्हीच बसल्या ना माझ्या टांग्यात? मशिदीच्या कोपऱ्यावरून? नवा बुरखा होता. मी सलाम केला तर दाऊदभाय बोल्ला, बहिणीला ताप आहे, बोलू नको तिच्याशी. ही पिशवी सीटखाली राहिली. म्हटलं, शेजारी देऊन ठेवावी."

हलीमाबीनं पिशवी घेतली. आत फणी होती, सुरम्याची डबी होती आणि हिरव्या बांगड्या होत्या. तिनं स्वतः बाजूला काढलेल्या, जुलेखाच्या मापाच्या.

आपण कुठं बसलोय हेच तिला काही वेळ कळेना. मग एकेक गोष्ट आपली आपण जुळत गेली. हजच्या पासासाठी फोटो काढू म्हटलं तर दाऊद म्हणाला होता, परद्यातल्या बाईला फोटोची सक्ती नाही, मी तसं लिहून टाकतो. पिवळ्या पुस्तकातही फोटो नसतो. असतं ते नाव, वय, सुयांच्या तारखा आणि नर्सची सही. बुरख्याआड कोण आहे हे विचारणार कोण? हलीमाबी भावाबरोबर हजला गेलेली होती. कागदोपत्री तिला कुठं काही कमी नव्हतं.

आणि माफी. तीही त्या हरामखोरानं तिच्याच तोंडून आधी वदवून घेतली होती.

ती तशीच उठून दवाखान्यात गेली. मनोरमाबाईंनी सगळं ऐकलं आणि टाक दौतीत बुडवला. सरळ बाई होत्या. बंदरावर तार करते म्हणाल्या. सुई टोचली तुमच्या दंडात आणि त्या सहीवर जाणार दुसरीच? दोघांनाही उतरवतील, वर पोलिसांत देतील.

"करा," हलीमाबी म्हणाली. "नागवं करा दोघांना सगळ्यांसमोर." आणि जरा थांबून तिनं विचारलं, "मग मला जाता येईल?"

मनोरमाबाईंचा टाक थांबला. दाऊद अडकला तर बरोबर कोण जाणार? भाऊ नाही म्हणजे जाणं नाही.

"म्हणजे माझं गेलं ते गेलंच."

"गेलं, बी. पण म्हणून त्यांना सोडायचं का?"

हलीमाबी बाकावर बसली. इतके दिवस ती रोज पहाटे उठून त्या पाक जमिनीवर पाय ठेवल्याचं मनात रंगवत होती, आणि ते पाय आता जुलेखाचे होते. तिनं दोघांना तोंडभर शिव्या दिल्या, मोहल्ल्यात कुणी तिच्या तोंडून कधी ऐकल्या नसतील अशा. मनोरमाबाईंनी ऐकून घेतल्या. शिव्या संपल्या तेव्हा हलीमाबीनं आपला सुजलेला दंड चोळला.

"जुलेखाला सुई नाही टोचलेली," मग ती म्हणाली. "एकही नाही."

"नाहीच. तिचा नंबर कुठं लागला होता?"

"तिथं लाखो माणूस. पाणी कसलं, काय." तिनं तोंडावरून हात फिरवला. "मी पटकी बघितल्येय, बाई. माझ्या आईचे डोळे खोल गेले होते, मांडीवरच्या पोराला ओळखेना. तो पोरगा दाऊद होता. तार नका करू. तिथल्या डॉक्टरला चिठ्ठी लिहा. त्या सटवीला दोन्ही सुया टोचा म्हणावं. बोटीला दहा दिवस आहेत. बसतं ना?"

"बसतं. पण लिहू काय? हलीमाबीच्या नावावर दोन्ही सुया झाल्यात. परत कशाला म्हणतील."

"लिहा, औषध खराब होतं."

मनोरमाबाईंनी तिच्याकडं बघितलं. सोळा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातचं औषध एकदाही खराब निघालं नव्हतं. तसं लिहून दिलं तर वरून चौकशी येणार, शेरा बसणार.

"तुम्ही माफ केलंत का त्यांना?" त्यांनी विचारलं.

"नाही. मरेपर्यंत नाही करायची. लिहा तुम्ही."

मनोरमाबाईंनी लिहिलं.

तापामुळे डॉक्टरांनी मला मागे ठेवलं, असं हलीमाबीनं मोहल्ल्यात सांगितलं आणि पुढच्या बाजाराला टोपली घेऊन कासाची बस धरली. सुजलेला दंड अजून दुखत होता, टोपली दुसऱ्या बाजूला घ्यावी लागली.

बोट सुटल्यावर चार दिवसांनी मनोरमाबाईंनी तिला बोलावून घेतलं. मुंबईहून डॉक्टरांचा कागद आला होता. चिठ्ठीप्रमाणे हलीमाबी, वय अठ्ठेचाळीस, यांना पटकीच्या दोन्ही सुया सात दिवसांच्या अंतरानं पुन्हा दिल्या, असं त्यात लिहिलेलं होतं. मागच्या बाजूला दाऊदच्या अक्षरात चार ओळी होत्या. त्या वाचाव्यात की नाही, ते मनोरमाबाईंना ठरवता येईना.

"वाचा," हलीमाबी म्हणाली.

"'नर्सबाईंना सलाम. आपण वेळेवर कळवलंत, फार उपकार झाले. दुसऱ्या सुईनं आपाला दोन दिवस ताप होता. आता आपा खुशाल आहे. तुमच्यासाठी तिथं दुवा मागेल.'"

"आणि?"

"आणि अंगठा आहे. कागद पोचल्याचा." मनोरमाबाईंनी कागद तिच्यापुढं धरला. "खाली लिहिलंय, हलीमाबी हिचा अंगठा."

हलीमाबीनं कागद हातात घेतला. निळ्या शाईतला अंगठा लहानसा होता, बायकी, नीट उठलेला. तिनं आपला रापलेला अंगठा त्याच्याशेजारी धरून बघितला आणि कागद परत दिला.

"ताप उतरला तिचा," ती म्हणाली. "बरं झालं."

मग तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि सायवनच्या बसची वेळ विचारली.