ओशिमाच्या वाळवंटातला डबा

एका स्टीलच्या डब्यासाठी कुणी समुद्र ओलांडून वाळवंटात जातं का? अश्लेषा गोरे गेली. तीही एकटी, भाड्याची गाडी स्वतः चालवत. त्यासाठी आधी जपानी लायसन्स काढलं, परीक्षेत दोनदा आपटी खाल्ली, तिसऱ्यांदा पास झाली आणि मग गेली. आता यावर हसायचं त्यानं खुशाल हसावं, पण आधी त्या डब्याचं काय प्रकरण होतं ते ऐकून घ्यावं.

अश्लेषा टोकियोला निघाली तेव्हा तिच्या आईनं, जयंतीबाईंनी, तुळशीबागेतून तो डबा घेतला होता. गोल, घट्ट झाकणाचा, वर कडी. भांड्यांवर नाव घालतात तसं त्यावर टिंबाटिंबांनी ‘चि. अश्लेषास’ असं घालून घेतलं होतं. नवरा नरेंद्र एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामावर होता, सकाळी खच्चून भरलेल्या गाडीनं जायचा तो रात्रीच उगवायचा. टोकियोतल्याच ओजिमा भागातल्या उंच सरकारी वसाहतीत समोरच्याच दारात नेत्रा राहायची. तिचा नवरा श्याम त्याच कामावर. दोघी नवऱ्यांबरोबर आलेल्या, दोघींना दिवसभर भिंतींशी बोलायची वेळ आलेली. मग तो डबा या दारातून त्या दारात फिरायला लागला. कधी खिचडी, कधी वड्या, कधी नुसती कोशिंबीर. नियम एकच, आपल्याकडे सगळ्यांच्या घरी असतो तोच: डबा रिकामा परत जायचा नाही. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर घालायची.

नेत्राला एक खूळ होतं. इंटरनेटवर लोक खुणा लिहितात, त्यावरून बागेत, डोंगरात लपवलेला डबा शोधून काढायचा. त्यात एक वही आणि एक शिक्का असतो. तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का तिथल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. झालं, एवढंच. नेत्रा खोडरबर कोरून शिक्के करायची आणि अश्लेषाला ओढून न्यायची. अश्लेषा जायची, पण तिनं स्वतःचा शिक्का कधी केला नाही. मी काय, तुझ्याबरोबर आलेय, असं म्हणायची. नेत्रा यावर चिडायची, आणि चिडणं बरोबरच होतं. ही बाई नरेंद्रबरोबर जपानला आली होती, नेत्राबरोबर डोंगरावर जात होती आणि एकटी कोपऱ्यावरच्या कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, पुढे जात नव्हती.

दोन हजार पाच सालच्या गणपतीत ठिणगी पडली. मराठी मंडळी एका हॉलमध्ये जमली होती. ग्योतोकुहून आलेल्या वृंदानं निक्कोच्या सहलीचं विचारलं, अश्लेषा म्हणाली, बघते, सांगते. तेव्हा नेत्रा सगळ्यांच्या देखत म्हणाली, “तिला काय विचारतेस, नरेंद्रला विचार. त्याच्याशिवाय ती लिफ्टमध्येसुद्धा चढत नाही.”

सगळे हसले. नरेंद्रही हसला. अश्लेषाला काय लागलं असेल तर ते हे. आणि त्याहून जास्त हे लागलं की बोलणं खोटं नव्हतं.

त्या दिवशी डबा नेत्राकडे होता. दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर, पण कुणी कुणाची बेल वाजवली नाही. दिवाळी अशीच गेली. मग श्यामचं कॉन्ट्रॅक्ट अचानक संपलं आणि त्यांचं पुण्याला परत जायचं ठरलं. सामान न्यायला माणसं आली त्या सकाळी अश्लेषा दाराच्या आत कान देऊन उभी होती. आता बेल वाजेल, मग वाजेल. वाजली नाही. तिनंही दार उघडलं नाही. दोघींना एकेक चपराक द्यायला तिथे कुणी मोठं माणूस हवं होतं, पण परदेशात ते कुठून आणायचं?

आठवड्याभरानं नेत्राची ईमेल आली. डबा द्यायचा राहिला, पुण्याला नेला नाही, जायच्या आधीच्या रविवारी ओशिमा बेटावरच्या वाळवंटात ठेवून आले, असं लिहिलं होतं. खाली खुणा. आणि शेवटी एक ओळ: नरेंद्रला घेऊन गेलीस तरी डबा मिळेल, पण मग मी म्हटलं ते खरं होतं असं समजेन.

अश्लेषाच्या डोक्यात अशी तिडीक गेली! माझ्या आईनं दिलेला डबा, आणि ही बया तो वाळवंटात टाकून जाते? नरेंद्र बिचारा म्हणाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण जाऊ, नाहीतर नवीन डबा आणू. त्यावर ती म्हणाली की डबा तोच पाहिजे आणि मी एकटीच जाणार. ओशिमावर बस असते, पण त्या वाळवंटाच्या वाटेला जात नाही, म्हणून लायसन्स. पुण्यात ती मारुती चालवायची, इथेही गाड्या डाव्याच बाजूनं, म्हणजे सोपं असं वाटलं होतं. पहिल्यांदा वळताना मान मागे फिरवून बघितलं नाही म्हणून नापास. दुसऱ्यांदा बघितलं, पण परीक्षकाला दिसेल इतकं बघितलं नाही म्हणून नापास. तिसऱ्या वेळी तिनं मान अशी गरागरा फिरवली की रात्री शेक घ्यावा लागला. पण लायसन्स हातात पडलं.

तर एप्रिलातल्या एका सकाळी जलद बोटीनं ती ओशिमाला उतरली. बंदरावर पांढरी चिमुकली गाडी भाड्यानं घेतली. गाडीवाल्यानं समुद्राकडे बघून सांगितलं की वारा वाढतोय, दुपारची बोट कदाचित शेवटची ठरेल, चुकवू नका. अश्लेषानं मान डोलावली आणि डोंगराला लागली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, समोरून गाडी आली की कुणीतरी मागे घ्यायची. एकदा तिनं मागे घेतली, एकदा समोरच्यानं. स्टिअरिंग घट्ट धरून तोंडानं ती नेत्राला सुनावत चालली होती. लिफ्टमध्ये चढत नाही काय? ये आता, बघ.

रस्ता संपला तिथे गाडी लावून ती पायवाटेनं वर आली. झाडी संपली आणि समोर सगळं काळं. ज्वालामुखीनं ओकलेली राखाडी-काळी खडी, लांबच लांब पसरलेली, ना गवत ना माणूस. पायाखाली करकर आवाज. वारा असा की ओढणी बॅगेत कोंबावी लागली. खुणांचा कागद तिला पाठ होता. नंदीसारखा बसलेला दगड शोध. देवाला घालतात तशी त्याला प्रदक्षिणा घालायला लाग. समुद्र दिसेनासा झाला की थांब, पायाशी खोबण आहे.

नंदी सापडला. वशिंडासकट सापडला, नेत्राची नजर चांगलीच होती. पण प्रदक्षिणा सुरू करणार तेवढ्यात धुकं आलं, आणि समुद्र सगळीकडूनच दिसेनासा झाला. आता थांबायचं कुठे? अश्लेषानं चाचपडून एक फेरी घातली, दुसरी घातली, गुडघे खरचटून घेतले. शहाण्या माणसानं परतीची वाट धरली असती. ही नंदीच्या आडोशाला बसली, पोळीची गुंडाळी काढून खाल्ली आणि धुक्याला म्हणाली, तू जा, मी काही जात नाही.

बसल्या बसल्या मात्र राग हळूहळू उतरायला लागला, आणि राग उतरल्यावर खाली जे होतं ते वर आलं. तिला नेत्राची आठवण येत होती. महिनोन् महिने येत होती. समोरच्या दारात आता एक जपानी म्हातारा राहायला आला होता, भला माणूस होता, वाकून नमस्कार करायचा. पण डबा पाठवावा असं दार उरलं नव्हतं. डबा हातात आला तर आपण फोन करू शकू, नाहीतर कुठल्या तोंडानं करणार, असं तिला वाटत होतं. एवढ्यासाठी ती आली होती. आईच्या डब्याचं निमित्त खरं होतं, पण ते निमित्तच.

बऱ्याच वेळानं वाऱ्यानं धुकं फाडलं. अश्लेषा उठली, दगड उजव्या हाताला ठेवून चालायला लागली, आणि समुद्र दगडामागे गेला तिथे खाली बसली. खोबण होती. हात घातला. डबा नव्हता.

तिथे ती रडली. लपवायचं काय त्यात? खोबणीत हात तसाच ठेवून रडली. नेत्रानं आपल्याला मूर्ख बनवलं, डबा पुण्याला नेला आणि आपल्याला इथे वणवण करायला लावली, असं वाटून रडली. मग हात बाहेर काढताना बोटांना प्लॅस्टिक लागलं. दगडाखाली नीट दाबून ठेवलेली पिशवी होती, आत चिठ्ठी, सुवाच्य जपानीत. अश्लेषा वॉर्ड ऑफिसच्या भाषेच्या वर्गात जायची, तेवढ्या शिदोरीवर तिनं एकेक अक्षर लावलं. ‘विसरलेली वस्तू’ लागलं. ‘पोलीस’ लागलं. मग सगळंच लागलं आणि तिनं कपाळावर हात मारला.

बाई गं नेत्रा! तीन वर्षं या देशात काढलीस. इथे कुणाचा हातमोजा पडला तर लोक तो उचलून कुंपणावर नीट अडकवून ठेवतात. आणि तू चकचकीत स्टीलचा जेवणाचा डबा डोंगरावर ठेवलास! कुणा भल्या माणसाला वाटलं, कुणीतरी दुपारचं जेवण विसरलं, उपाशी गेलं बिचारं. त्यानं तो उचलून पोलिसांकडे जमा केला.

बोटीला अजून अवकाश होता, पण फार नाही. अश्लेषा उतारावरून धावत गाडीपाशी आली. खाली जाताना प्रत्येक वळणावर मान मात्र फिरवली, सवयच लागली होती.

चौकीत चष्मा लावलेले, निवृत्तीला आलेले एक पोलीस होते. त्यांना डबा लगेच आठवला. बेटावर तसली वस्तू दुसरी आलीच नव्हती. पण नियम म्हणजे नियम. तुमची वस्तू असेल तर आत काय आहे ते सांगा, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

आता आली का पंचाईत? डबा हिचा, पण आत काय ते हिला कुठे माहीत? खोटं बोलता येईना, खरं सांगितलं तर हक्क जाईल. तिनं खरं सांगितलं. मोडक्या जपानीत, हातवारे करून म्हणाली की आत काय आहे ते मला माहीत नाही, पण तो रिकामा नाही. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. मैत्रिणीनं काही ना काही घातलंच असेल. भांडण झालं होतं, तरी घातलं असेल.

पोलीसकाकांचा विश्वास बसला असावा, पण विश्वास कागदावर कसा लिहिणार? मग अश्लेषाला सुचलं. तिनं कागद मागितला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: चि. अश्लेषास. म्हणाली, झाकणावर हे आहे बघा.

त्यांनी कपाटातून डबा आणला. कागद झाकणाशेजारी ठेवला आणि बँकेत शिक्का ताडून बघतात तसं, बोट ठेवून, एकेक अक्षर ताडून पाहिलं. कान्याला काना, मात्रेला मात्रा. श्ल पाशी बराच वेळ थांबले. मग खाली वाकून म्हणाले की वस्तू आपलीच आहे, आणि झाकण तिच्यासमोर उघडलं.

आत कोंबिनीत कॉफीबरोबर मिळते ती साखरेची एक पुडी होती. एक शाईची डबी होती. आणि एक खोडरबर, कोरलेलं.

अश्लेषानं ते उलटं करून पाहिलं. अक्षरं उलटी होती, तरी आपलं नाव माणूस ओळखतोच. श्ल जरा वाकडा झाला होता. तो कोरताना नेत्रानं नक्की बोट कापून घेतलं असणार. त्या घाईच्या आठवड्यात, सामान बांधता बांधता, बोलणं बंद असताना, तिनं हे कोरलं होतं. अश्लेषानं डोळे पुसले, आणि पोलीसकाकांनी भल्या माणसासारखं खिडकीबाहेर बघितलं.

मग त्यांनी पोच पावती पुढे सरकवली. शेवटी शिक्क्याची लाल गोल जागा होती. या देशात सहीपेक्षा शिक्का मोठा. अश्लेषाच्या घरातही एक होता, नरेंद्रच्या आडनावाचा, ड्रॉवरमध्ये. टपालाची पार्सलं घेताना अश्लेषा तोच उमटवायची. काका म्हणाले की परदेशी लोकांची सही चालते, काळजी करू नका.

“सही नको,” अश्लेषा म्हणाली. “माझा शिक्का आहे.”

तिनं शाईची डबी उघडली, खोडरबर दाबलं आणि पावतीवर उमटवलं. अश्लेषा. फक्त अश्लेषा. गोलाच्या थोडा बाहेर गेला, पण काकांनी चालवून घेतला.

बंदरावर बोट लागायची होती. तिथल्या सार्वजनिक टेलिफोनवर तिनं इंटरनॅशनल कार्डाचे आकडे दाबले. पुण्यात दुपार व्हायची होती. फोन नेत्रानंच उचलला.

“डबा मिळाला,” अश्लेषा म्हणाली.

पलीकडून बारीक आवाजात प्रश्न आला, “एकटी गेलीस?”

“एकटी. गाडी चालवत.”

नेत्रा रडायला लागली. रडता रडताच तिनं सांगितलं की हॉलमध्ये बोलले ते चुकलं, दार वाजवायला दोनदा हात उचलला होता. अश्लेषानंही सांगितलं की मी दाराच्या आतच उभी होते. मग डबा पोलिसांकडे कसा पोचला ते सांगितलं, आणि दोघी इतक्या हसल्या की तिकीट खिडकीतली बाई वळून बघायला लागली. बोटीची घंटा झाली. नेत्रा घाईघाईनं म्हणाली की आता डबा जपून घरी ने.

“घरी कशाला? पाळी आता माझी आहे,” अश्लेषा म्हणाली. “दिवाळीला पुण्यात येतेय. वेताळ टेकडीवर ठेवणार, भरून. खुणा पाठवीन. श्यामला आणायचं नाही.”

“अगं, पुण्यात ठेवलास तर दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी घरी घेऊन जाईल!”

“मग तू पहिल्या मिनिटाला ये,” असं म्हणून अश्लेषानं फोन ठेवला आणि डबा काखोटीला मारून बोटीकडे निघाली.