पांढऱ्या डागाचा कोळसा

ताडकळसच्या आठवडी बाजारात कधी नव्हे ती भाजी पडून राहिली होती, कारण सगळं गाव मैदानावर चमत्कार बघायला लोटलं होतं. मधोमध मेंढपाळ रायभान उताणा पडला होता. त्याचे पाय बायको कोंडाबाईनं दाबून धरले होते, आणि भुजंगबाबा त्याच्या पोटावर चिंचेच्या फोकानं सपासप वळ उठवत होता.

"हे पघा भूत!" बाबानं एमआरआयची फिल्म उन्हात धरली. यकृतावर पांढराफेक डाग. "काळजात दडून बसलंय. मारल्याबिगर निघायचं न्हाई!"

कातडी फुटून रक्त आलं, तरी बाबानं बरगडीखाली टाच रोवली. रायभान गुरासारखा ओरडला. मग बाबानं तपासणीच्या पाकिटातून दुसरी फिल्म झोकात ओढली. त्याच जागी डाग काळा!

"जळालं! कोळसा झाला त्येचा!"

लोक बाबाच्या पायावर पडू लागले. माझं डोकं सणकलं. रायभान पुढच्या तपासणीला फिरकला नाही, म्हणून त्याचा स्कॅन करणाऱ्या डॉ. मैथिली परभणीहून आल्या होत्या, आणि गावचा मास्तर म्हणून मी त्यांच्यासोबत होतो. त्या गर्दी फोडून आत घुसल्या.

"दोन्ही फिल्म एकाच स्कॅनच्या आहेत! कोपऱ्यातली तारीख वाचा, वेळ वाचा! कॅन्सरच्या गाठीत पेशींची दाटी असते, तिथलं पाणी हलत नाही. ती जागा एका चित्रात पांढरी दिसते, दुसऱ्यात काळी. शरीराच्या शिपायांना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, अडवणारी खूण गाठीवर किती आहे, याचा त्या पाण्यावरून आम्ही अंदाज घेत होतो. गाठीचा तुकडा तपासून खात्री केली असती, मग औषध ठरलं असतं. आणि हा भुजंग आमच्याच सेंटरवर फिल्म पाकिटात भरायचा, त्याला हे पक्कं ठाऊक आहे!"

बाबा पळाला, पण गर्दीनं धरला. आता तोच फोक त्याच्या तोंडावर. दोन दात मातीत पडले. इकडं रायभानचं पोट फुगलं, ओठ पांढरे पडले.

"गाठ फुटलीय, आत रक्त वाहतंय! गाडी आणा, उचला याला!" डॉक्टर ओरडल्या.

उचलायला चौघं मिळेनात. मारायला मात्र सगळ्यांचे हात शिवशिवत होते. कोंडाबाई एकेकाची कॉलर ओढत होती. "आरं, त्येला नंतर मारा! माजा माणूस मरायलाय!"

परभणीच्या वाटेवरच रायभान गेला.

भुजंगला पोलिसांनी नेलं, बघ्यांना कोण नेणार? बाबांनो, अंगात गाठ होते ती आजारानं, भुतानं नव्हे. फिल्म कळली नाही तर ती काढणाऱ्या डॉक्टरला विचारा. लाजू नका, दहादा विचारा. विचारून कुणी मेल्याचं मी ऐकलं नाही. न विचारता मेलेल्याला मात्र मी खांदा दिला आहे.