चौदावा ऑटो

तापीकाठच्या त्या शिवारातला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, या मे महिन्यात दोनदा जळला होता. दर वेळी नवा आणून बसवेपर्यंत पाच दिवस गेले, आणि घड निसवलेल्या केळीला भर उन्हाळ्यात पाच दिवस पाणी नाही म्हणजे बाग हातची जायची वेळ. आता हाही जळला तर संपलंच.

डीपी का जळतो हे वायरमन दिपमालाला पक्कं ठाऊक होतं. गावालाही होतं, पण कबूल कोण करणार? विहिरीवर खेप नको म्हणून चौदाच्या चौदा मोटारींना ऑटो लावलेले, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप सुरू करणाऱ्या डब्या. लाईन आली की सगळ्या एकदम उठायच्या आणि डीपीचा जीव जायचा. मागच्या वेळी सगळ्यांनी काढतो म्हणून मान डोलावली, काढला एकानेही नाही. शेजारी काढत नाही तर आपणच काय म्हणून काढायचा?

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे दिपमाला दोन वर्षांच्या नोकरीत शिकली होती. आज सकाळी तिने खांबावरचं हँडल पाडून लाईन बंद केली, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"बठ्ठा ऑटो आठे आणा. चौदा मोजसु, मंगच लाईन."

तासाभरात निंबाखाली डब्या जमल्या. चौदा शेतकऱ्यांपैकीच एक असलेल्या भिकननानांनी त्या मोठ्याने मोजल्या. तेरा भरल्या.

"चौदावा कोना शे?"

सगळे प्रेमराजआबांकडे बघायला लागले. आबा म्हणजे दिपमालाचे सासरे. काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"मना शे," आबा म्हणाले. "तो तूच लाई देयेल शे ना, बेटा!"

खरंच होतं. आबांचे गुडघे गेले तेव्हा, नोकरी लागायच्या आधी, तिनेच तो बसवला होता, आणि नंतर चक्क विसरली होती.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" भिकननाना हसले.

तिला राग आला. आधी त्यांचा, मग स्वतःचा.

"एक ऑटोखाल डीपी जयस का?" आबांनी हळूच विचारलं.

"एकखाल नही जयस, आबा. पण आपला दखीसन सकाय बठ्ठा लाई लेतीन." आबांचा राहिला तर उद्या पुन्हा सगळेच लावतील, हे ती जाणून होती. मग ती लोकांकडे वळली. "चूक मनी शे. मीच लायेल, मीच काढसु."

गाडीला किक मारून ती विहिरीवर गेली, चार स्क्रू काढले आणि डबी आणून ढिगावर ठेवली. कुणी हसलं नाही. तिने कुलूप काढलं, हँडल ओढून लाईन सुरू केली. मग एकेक शेतकरी आपापल्या विहिरीवरून फोन करायचा, ती हो म्हणायची, आणि एकेक मोटार सुरू व्हायची. तेरा झाल्या, तरी डीपी शांतपणे घुमत होता.

चौदावी राहिली. आबा काठी टेकत उठायला लागले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. भिकननाना बोलत होते.

"आबाले बसू दे. मी त्यासना इहिरवर उभा शे. चालू करू का?"

दिपमालाने हात करून आबांना खाली बसवलं.

"करा, नाना."

"आनि दखं, रोज मीच करसु."