मध खाणाऱ्याचं खरं नाव

मुरलीधर पाटकरांच्या फुफ्फुसावर डाग दिसला त्याला नऊ दिवस झाले होते. दुबईपलीकडच्या रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात एकवीस वर्षं काढलेला माणूस; खोकला त्यांना नवा नव्हता. बायोप्सीचा रिपोर्ट आज चारला मिळणार होता. घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. "ते नसेलच हो," एवढंच म्हणून त्यांची बायको मनोरमा किचनमध्ये निघून जायची.

मुलगी रिद्धी भाषाशास्त्र शिकत होती. आज साडेतीनला तिचं ऑनलाइन प्रेझेंटेशन होतं.

"कशावर आहे गं?" मुरलीधरनी विचारलं. वेळ जाता जात नव्हता.

"अस्वलाच्या शब्दावर, बाबा. प्रोटो-स्लाविक. रशियनच्याही आधीची भाषा, कुणी लिहून ठेवलेली नाही. रशियन, चेक, सर्बियन शब्द शेजारी ठेवून स्कॉलर्सनी ती जुळवलीय. त्यात अस्वल म्हणजे 'मेद्वेद'. मेदु म्हणजे आपलं मधु, एद म्हणजे खाणं. मध खाणारा."

"मग खरं नाव?"

"लॉस्ट. संस्कृतात ते 'ऋक्ष' म्हणून राहिलं, त्यांच्याकडे गेलंच. नाव घेतलं तर अस्वल येईल म्हणून घाबरायचे, असं मानतात. पुढे 'मेद्वेद'चीही भीती वाटायला लागली. मग रशियन लोक 'वाकड्या पायाचा' म्हणायला लागले."

मनोरमा दारात उभी होती. "आमच्याकडे सापाला रात्री जनावर म्हणायचे."

"एक्झॅक्टली, आई!"

"तरी चावायचाच तो," मुरलीधर म्हणाले.

कुणी हसलं नाही. आपण उगाच बोललो असं रिद्धीला झालं. मुरलीधरनी चष्मा काढून पुसला.

"मनू, कॅन्सर असेल तर कॅन्सर म्हणायचं. डॉक्टरांनाही मी तसंच विचारणार आहे."

"अहो!" मनोरमाने चौकट धरली. मग ती त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच रडली. "मला फार भीती वाटते हो."

"मलाही," ते म्हणाले.

रिद्धीने आज प्रेझेंटेशन जमणार नाही असा प्रोफेसरांना मेल टाकला आणि गाडीची किल्ली घेतली.

हॉस्पिटलमध्ये मुरलीधर खुर्चीत बसलेही नाहीत. "डॉक्टरसाब, कॅन्सर है क्या?"

डॉ. जहूर यांनी रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. "हां. लेकिन छोटा है, फैला नहीं. ऑपरेशन हो सकता है. अगले मंगलवार?"

मुरलीधर सावकाश खाली बसले. मनोरमाने टेबलावरचं पेन उचलून फाइलवर तारीख लिहिली. ती तिने पुन्हा एकदा गिरवली.

"इनको डायबिटीज भी है," ती डॉक्टरांना म्हणाली. "वो भी लिख लीजिए."