अनारकुलच्या नावाने आलेला मेल

काराकोल गावात जून लागला की डोंगरावर जाणारे पाहुणे येऊ लागतात. अनारकुल त्यांना घोडे देते, वाटाड्या देते, वरच्या कुरणावर लोकरीच्या नमद्याच्या तंबूत झोपायची सोय करते. त्या वर्षी एक वयस्क डच जोडपं पाठीवर ओझी घेऊन तिच्या फाटकाशी उभं राहिलं. ते येणार हे तिला माहीतच नव्हतं. त्यांनी फोनवर तिचाच मेल दाखवला. सहल पक्की, पैसे या नव्या ठिकाणी भरा. खाली तिचं नाव, कंपनीचा पत्ता, सगळं बरोबर. फक्त तिने तो लिहिला नव्हता.

पैसे कुणाच्या घशात गेले ते कळायला मार्ग नव्हता. "माझ्या नावावर आलात, म्हणजे माझेच पाहुणे," असं म्हणून तिने त्यांना आत घेतलं, चहा आणि तळलेले बौरसोक पुढे ठेवले आणि पदरमोड करून डोंगरावर पाठवलं.

मनात मात्र एकच नाव घोळत होतं. मेदेर, तिचा चुलतभाऊ. पूर्वी कंपनीचे मेल तोच लिहायचा. मग भांडण झालं आणि आपले घोडे घेऊन तो वेगळा झाला. पासवर्ड त्याला ठाऊक होता.

पुढच्याच आठवड्यात आत्याकडे नातवाच्या पाळण्याचं जेवण होतं. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती सगळे नातेवाईक जेवायला बसलेले. अनारकुलला राहवलं नाही.

"मेदेर, घोडे नेलेस ते नेलेस. माझं नाव तरी मला ठेवायचंस."

"काय बोलतेयस, एजे?" मोठ्या बहिणीला एजेच म्हणायची रीत.

"इंग्रजीत सांगू का? तुझं इंग्रजी चांगलंय, पाहुण्यांना गंडवण्याइतकं."

कुणीतरी हसलं. मेदेरने हातातला नानचा तुकडा खाली ठेवला आणि उठून गेला. जेवणानंतरच्या दुआलाही थांबला नाही. आमच्याकडे असं कुणी उठत नाही.

पासवर्ड बदलला, तरी खोटे मेल जातच राहिले. तेव्हा अनारकुल बुरूलकडे गेली. बुरूल कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते.

"पासवर्ड कशाला लागतो, एजे?" ती म्हणाली. "पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही लिहावं. टपालवाला विचारतो का? आता असं करू. तुमच्या नावाने कुठल्या यंत्रांनी मेल पाठवायचा, ते जाहीर करू. प्रत्येक मेलवर एक मोहोर उठवू, दुसऱ्याला जमणार नाही अशी. आणि सगळ्यांना सांगून ठेवू, यात न बसणारं काही आलं तर आत घेऊ नका, आम्हाला कळवा."

"मग आजच सांग, घेऊ नका म्हणून."

"आज सांगितलं तर तुमचेच मेल दारातून परत येतील."

तसंच होतं. नोंदणीचे मेल एका वेगळ्या सेवेतून जात, त्यांच्यावर मोहोर नव्हती, आणि ते लोकांच्या कचऱ्याच्या पेटीत पडत. पाहुणे हल्ली साधं उत्तरही देत नाहीत, माणुसकी राहिली नाही, असं अनारकुल वर्षभर म्हणत होती.

बुरूलने ते आधी नीट केलं आणि काही आठवडे नुसतं पाहत राहायचं ठरवलं. मेल घेणाऱ्यांकडून अहवाल येऊ लागले. अनारकुलच्या नावाने कुठकुठल्या देशांतली यंत्रं मेल पाठवत होती.

"यात काराकोल कुठंय?"

"नाहीये."

"म्हणजे मेदेर नाही."

"तसं मी म्हणणार नाही. यंत्र कुठलं ते कळतं, त्यामागे कोण बसलंय ते नाही. पण तुमच्या खात्यात कुणी शिरलेलं नाही. पासवर्ड माहीत होता म्हणून तुम्ही त्याला धरलंत ना? ते कारण उरलं नाही."

अनारकुल घरी येऊन घट्ट दह्याच्या, कुरुताच्या गोळ्या उन्हात मांडत बसली. मेदेर निर्दोष आहे असा दाखला कुणी देणार नव्हतं. ते तिचं तिलाच ठरवायचं होतं. तिला आठवलं, एकदा पाय मोडलेल्या पाहुणीला मेदेरने खिंडीवरून पाठुंगळीला घेऊन खाली आणलं होतं, आणि श्रेय मात्र बरोबरच्या वाटाड्याला दिलं होतं. तिने हात पुसले आणि निघाली.

मेदेर घोड्याच्या खुराला कानस मारत होता.

"चुकले मी, मेदेर."

"तेव्हा सगळ्या घराण्याने ऐकलं. आत्ता कोण ऐकतंय? हा घोडा."

"सगळे जमतील तेव्हा पुन्हा बोलेन."

"बोल. मग बघू."

बराच वेळ कानस चालू राहिली. मग खाली मान घालूनच तो म्हणाला, "माझ्याही पाहुण्यांची उत्तरं येत नाहीत. मला वाटलं, तूच त्यांचे कान भरतेस."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू मोठी. कसं विचारणार?"

पुढच्या जेवणाला, नान मोडायच्या आधी, अनारकुल सगळ्यांसमोर बोलली.  ऐकून आत्या म्हणाली, "त्या बुरूलला विचार, तोंडाला लावायची मोहोर मिळते का." सगळे हसले. मेदेरही, थोडंसं.

बुरूलने त्याच्याही नावाची व्यवस्था लावून दिली, आणि मोहोर नसलेलं काही आत घेऊ नका, असं दोघांच्याही नावाने सगळीकडे कळवलं. धंदे दोघांचे वेगळेच राहिले. खोटे मेल अजूनही कुठूनतरी निघतात आणि बहुतेक दारांतून परत फिरतात. मेदेर अधूनमधून चहाला येतो. पूर्वीसारखा फार वेळ बसत नाही, पण येतो.