बाहेरची हाक

मित्रांनो, माळ्यावरच्या खोक्यात, बिघडलेल्या इस्त्रीशेजारी पडलेला मी एक जुना राउटर आहे. बाहेरून तारेने येणारं इंटरनेट घरभर पोहोचवायचं, हे माझं काम. कारखान्यात माझे हिरवे दिवे पहिल्यांदा लागले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत होतो.

माझ्या घरात आई, दादा आणि वहिनी राहत. धाकटी मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळात परिचारिका होती. आई मला फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "बिचारा कधी डोळा मिटत नाही."

पुढे आईचे पाय लटपटू लागले. दिवसभर घरी दुसरं कोणी नसे, म्हणून धाकटीने आईच्या खोलीत कॅमेरा लावला. कामातून सवड मिळाली की ती फोनवरून कॅमेऱ्याला हाक द्यायची. ती हाक थेट माझ्या दारी यायची आणि मी तिला आई दाखवायचो.

मग इंटरनेटवर घर ओळखायला लागणारे, कंपनीकडचे जुने पत्ते अपुरे पडले. पुष्कळ घरांना मिळून एकच पत्ता उरला. आतून बाहेर जाता येई, पण बाहेरून येणाऱ्याला नेमकं आमचं घर सापडेना. नव्या पद्धतीचा, ज्याचा त्याचा पत्ता मिळत होता, पण तो मला वाचता येत नव्हता.

"दादा, इस्पितळातून आई दिसत नाही. नवे पत्ते कळणारा राउटर घेऊ या," धाकटी घरी येऊन म्हणाली.

दादाने कोचावर बसल्या बसल्या, माझ्याच वायफायवर, फोन उघडला. "ही बघ! चष्म्यावरचा डागसुद्धा दिसतोय. तुझ्या फोनलाच मोतीबिंदू झालाय."

धाकटीने तिथेच उभं राहून आपला फोन उघडला. तिलाही आई दिसली. "आत्ता दिसतेय खरी," ती पुटपुटली.

"माझ्यावर पहारा कशाला गं? मी काय पळून जाणारे?" आई हसली.

घरातल्या घरात पाहताना दाराबाहेर जावंच लागत नाही, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मी जागेवरच राहिलो.

एका दुपारी आई पलंगावरून उठताना पडली. तिने धाकटीला हाक मारली. मग पुन्हा, जरा हळू. कॅमेरा सगळं पाहत होता. मी बाहेरच्या हाकेची वाट पाहत राहिलो. ती आलीच नाही.

संध्याकाळी वहिनीने दार उघडलं, तेव्हा आईचं अंग गार पडलं होतं.

"मी सारखी बघत होते रे," धाकटी नंतर म्हणाली. "काळंच दिसत होतं. म्हटलं, असेल माझाच फोन."

तिने दादाला माझ्या वायफायच्या बाहेर, पार रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून कॅमेरा उघडायला लावला. तो परत आला आणि कोचावर न बसता जमिनीवर बसला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी एरवी सांगितलं असतं. आज सांगवत नाही. आधी माणूस जपा. वस्तू चालते का हे पाहायचं, तर जिथून तिची गरज आहे तिथे उभं राहून पाहा.

मला काढण्याआधी नवा राउटर शेजारीच सुरू झाला. इस्पितळातून धाकटीचा फोन आला.

"दिसतंय का?" दादाने विचारलं.

"हो. स्वच्छ दिसतंय."

कॅमेऱ्यासमोर पलंग होता. त्यावर चादर नीट घातली होती आणि उशीशी चष्मा होता.